विश्लेषण : जुनी कार्डे पुन्हा छापली, तर संग्राहक नाराज का होतात?

संपलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, की वाचक खूश होतो. 'मॅजिक : द गॅदरिंग' या अमेरिकी कार्डखेळात मात्र जुना संच पुन्हा छापला, की कुणी आनंदतो, तर कुणी कपाळाला हात लावतो. अनेकदा ही दोन्ही माणसे एकच असतात. तीस वर्षे चाललेला हा वाद नेमका काय आहे?

हा खेळ कसा आहे?

गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला हा खेळ 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. कार्डे बंद पाकिटात मिळतात. आत काय आहे, ते पाकीट फोडल्यावरच कळते. काही कार्डे मुद्दाम कमी छापली जातात. आपल्याकडील कार्डांतून खेळाडू स्वतःचा संच जुळवतो. त्यामुळे कार्डाची किंमत दोन गोष्टींवर ठरते : ते खेळात किती उपयोगी आहे आणि किती दुर्मीळ आहे. 'ब्लॅक लोटस' हे १९९३चे कार्ड दोन्हींत अव्वल मानले जाते. २०२१ मध्ये त्याची एक प्रत पाच लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली.

वादाची ठिणगी कधी पडली?

'अरेबियन नाइट्स', 'लेजेंड्स' असे सुरुवातीचे संच मागणीच्या मानाने फार कमी छापले गेले. उशिरा आलेल्यांना ती कार्डे मिळेनात. म्हणून कंपनीने १९९५ मध्ये 'क्रॉनिकल्स' हा संच काढून त्यांतील शंभरहून अधिक कार्डे पुन्हा छापली. मूळ कार्डांची कड काळी, तर नव्यांची पांढरी होती. फरक सहज ओळखू येत होता, पण खेळायला दोन्ही चालत होती. नवे खेळाडू सुखावले. चढ्या भावाने मूळ कार्डे घेतलेल्यांचे मात्र नुकसान झाले.

कंपनीने काय आश्वासन दिले?

१९९६ मध्ये 'रिझर्व्ह्ड लिस्ट' जाहीर झाली. या यादीतील कार्डे पुन्हा छापणार नाही, अशी हमी कंपनीने दिली. २०१० मध्ये चमकदार विशेष आवृत्तीची पळवाटही बंद झाली. संग्राहक निर्धास्त झाले, पण जुन्या कार्डांवर चालणारे 'व्हिंटेज' व 'लेगसी' हे स्पर्धाप्रकार नवख्यांच्या आवाक्याबाहेर गेले. तिथे लागणारी काही कार्डे एकेक करून शेकडो डॉलरची आहेत.

२०२२ मध्ये दोन्ही बाजू का चिडल्या?

तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त कंपनीने सुरुवातीच्या संचाचे पुनर्मुद्रण केले. त्यात 'ब्लॅक लोटस'ही होते. चार पाकिटे, ६० कार्डे आणि किंमत ९९९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ८२ हजार रुपये. हवे ते कार्ड मिळेल याची खात्री नाही. मागची बाजू वेगळी असल्याने अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत. यामुळे हमी मोडली नाही, असे कंपनीला म्हणता आले. पण खेळाडूंना स्वस्त कार्ड मिळाले नाही आणि हमीच्या हेतूलाच बगल दिल्याची भावना संग्राहकांत पसरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बँक ऑफ अमेरिकेच्या विश्लेषकाने मूळ कंपनी हॅसब्रोच्या शेअरचे मानांकन घटवले. अतिछपाईमुळे कार्डांचे दीर्घकालीन मूल्य धोक्यात येते, हे त्यामागचे कारण होते.

मग पुनर्मुद्रण वाईटच का?

तसे नाही. पहिल्या छपाईच्या प्रतीला पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीसारखा मान असतो. नवी प्रत आल्याने तो सहसा जात नाही. फटका बसतो तो खेळण्यासाठीच महाग झालेल्या मधल्या कार्डांना. दुसरीकडे, पुनर्मुद्रण बंद ठेवले तर बनावट कार्डांना वाव मिळतो आणि नवे खेळाडू येत नाहीत. खेळणारेच उरले नाहीत, तर उद्या ही कार्डे विकत कोण घेणार? म्हणूनच कपाटातला संग्रह जपणारा संग्राहकही नव्या पाकिटाकडे पूर्ण पाठ फिरवू शकत नाही.