कारखाना औषधाचा की विषाचा?

‘सेंद्रिय’ हा शब्द आता खेड्यापाड्यांत सर्वांच्या तोंडी झाला आहे. सेंद्रिय खत, सेंद्रिय शेती, सेंद्रिय गूळ! त्यामुळे ‘सेंद्रिय रसायनांचा कारखाना’ असे म्हटले, की शेणखताच्या खड्ड्याखेरीज दुसरे काही डोळ्यांपुढे येत नाही. पण रसायनशास्त्रातला सेंद्रिय निराळा. ज्याच्या रेणूत कार्बन आहे तो पदार्थ, थोडे अपवाद सोडले तर, सेंद्रिय. मग तो गाईच्या पोटात तयार होवो की लोखंडी टाकीत. युरिया प्राण्यांच्या शरीरातच तयार होतो असा पूर्वी समज होता. १८२८ साली व्होलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत करून दाखवला. म्हणजे पोत्यातला जो युरिया तुम्ही उसाला देता, तोही शास्त्राच्या भाषेत सेंद्रियच! शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे. मुले हसतील, पण विसरणार नाहीत.

अशा कारखान्यांतून रंग, औषधे, कीटकनाशके, खते, अत्तरे असे हजारो पदार्थ निघतात. आणि या साध्यासुध्या कारखान्यांच्या दारात कधी कधी परदेशचे तपासनीस येऊन उभे राहतात, आपल्या देशातसुद्धा. ते जकात पाहत नाहीत, मालाची प्रतही पाहत नाहीत. या भांड्यांत माणसे मारण्याचा वायू तर शिजत नाही ना, एवढेच त्यांना पाहायचे असते.

आता तुम्ही म्हणाल, रंगाच्या कारखान्यावर असा संशय कशाला? त्याचे कारण इतिहासात आहे. जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ पिकांवरच्या किडीसाठी नवी औषधे शोधत होता. १९३६ साली त्याच्या हाती जे फॉस्फरसयुक्त द्रव्य आले, ते किडीला मारी आणि माणसालाही. त्यालाच पुढे टॅबुन म्हणू लागले. १९३८ साली त्याच कुळातले सारिन आले. आपल्या शरीरात मज्जातंतूंकडून स्नायूला हुकूम पोचवणारे एक द्रव्य असते आणि काम झाल्यावर ते पुसून टाकणारे एक विकर असते. ही विषे त्या विकरालाच जखडून टाकतात. मग हुकूम थांबतच नाही. लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो.

ही लक्षणे वाचून विदर्भातल्या वाचकांना काही आठवेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. फवारणीच्या काही औषधांचे कूळ हेच, फक्त त्यांची धार बरीच बोथट केलेली. म्हणून उतारासुद्धा एकच. अशा विषबाधेत डॉक्टर अॅट्रोपिनची सुई टोचतात, आणि सैनिकाजवळही वायुहल्ल्यासाठी अॅट्रोपिनच दिलेले असते.

तेव्हा भांडे तेच, नळ तेच, कामगारही तेच. फरक आत काय ओतले याचा. इराकने १९८०च्या दशकात समाराजवळ विषारी वायूंचे जे मोठे केंद्र चालवले, त्यावर पाटी ‘कीटकनाशक उत्पादन संस्था’ अशीच होती. मस्टर्ड वायूसाठी लागणारे थायोडायग्लायकॉल हे बॉलपेनच्या शाईत आणि कापडरंगाईतही वापरतात, म्हणून ते व्यापारी माल म्हणून मागवता येई. मार्च १९८८ मध्ये हलब्जा या कुर्द गावावर वायूचा मारा झाला आणि हजारो माणसे जागच्या जागी मेली.

१९२५च्या जिनिव्हा करारात असे वायू युद्धात वापरायला बंदी होती. बनवायला आणि साठवायला नव्हती. शिजवून ठेवा, पण वाढू नका, असा तो मामला! जानेवारी १९९३ मध्ये पॅरिसला जो रासायनिक अस्त्रबंदी करार सह्यांसाठी खुला झाला, त्याने बनवणे आणि साठवणेही बंद केले. तो २९ एप्रिल १९९७ पासून अमलात आहे. १९३ देश त्यात आहेत. त्याची संघटना नेदरलँड्समधील हेग शहरी असून २०१३ साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारताने आपला साठा जाहीर करून २००९ साली तो नष्ट केला. अमेरिकेने २०२३ साली आपले शेवटचे अस्त्र नष्ट केले, तेव्हा सर्व देशांनी जाहीर केलेले साठे संपले.

करारात घातक रसायनांच्या तीन याद्या आहेत. पहिलीत सारिन, मस्टर्ड यांसारखी प्रत्यक्ष अस्त्रे, आणि तिसरीत फॉस्जीनसारखी, कारखान्यांना रोज लागणारी रसायने. पण करार करणारे तेवढ्यावर थांबले नाहीत, हे मला त्यांचे शहाणपण वाटते. यादीत नाव नसलेले सेंद्रिय रसायन करणारा कारखानाही त्यांनी जाळ्यात घेतला. वर्षाला २०० टनांहून अधिक माल केला, तर त्याची माहिती कळवायची. रसायनात फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरिन असेल तर ३० टनांचीच मर्यादा, कारण विषारी वायूंत हीच मूलद्रव्ये पुन्हा पुन्हा येतात. साखर कार्बनचीच, पण ती कारखाना बनवत नाही, उसातून काढतो. म्हणून ती या हिशेबात नाही. आपल्याकडे २००० साली यासाठी कायदा झाला आणि ही माहिती राष्ट्रीय प्राधिकरणाकडे जाते.

तपासणीची सूचना किमान १२० तास, म्हणजे पाच दिवस आधी मिळते. पाहुणे आल्यावर कारखान्याची माणसे त्यांना सगळी माहिती सांगतात. त्यासाठी तीन तासांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही. मग फिरणे सुरू होते. अशा ठिकाणची तपासणी चोवीस तासांत आटोपायची असते. काय कळणार एवढ्यात? पण अनुभवी नजरेला खूप कळते. साध्या रंगाच्या कारखान्यात हवा शोषून धुणारी एवढी महागडी यंत्रे कशाला? कच्चा माल आला किती, पक्का गेला किती, मधले कुठे मुरले? पाच दिवसांत भांडी धुतली तरी हिंगाच्या डब्याचा वास जात नाही, तसे जोडातल्या पॅकिंगमध्ये आणि सांडपाण्यात अंश राहतात, आणि नमुने घेण्याची सोय करारात आहे. मात्र दर वेळी ते घेतले जात नाहीत. मालकाला धास्ती असते ती आपली कृती प्रतिस्पर्ध्याला कळेल याची. म्हणून तपासनिसांवर गुप्ततेचे कडक बंधन आहे आणि गुपिते झाकून दाखवण्याची मुभाही आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. हे पाहुणे टाकी गळकी आहे का, भोंगा वाजतो का, हे तपासत नाहीत. भोपाळला १९८४ साली ज्या मिथिल आयसोसायनेटने हजारो बळी घेतले, ते करारातल्या एकाही यादीत नाही. कामगारांची आणि शेजारच्या वस्तीची सुरक्षितता ही आपल्याच सरकारी कारखाना निरीक्षकांची जबाबदारी. हेगच्या तपासणीत कारखाना निर्दोष ठरला, म्हणजे गावाने निर्धास्त व्हावे असे नाही.

शिवाय जाळ्याला भोकेही आहेत. या कारखान्यांसाठी आणि तिसऱ्या यादीसाठी मिळून एका देशात वर्षाला तीन अधिक एकूण कारखान्यांच्या पाच टक्के, एवढ्याच तपासण्या करता येतात. आणि वीसच्या वर तर नाहीच. समजा, एखाद्या देशात असे हजार कारखाने आहेत. सर्वांना सारखी पाळी दिली, तर एका कारखान्याची पाळी पन्नास वर्षांनी येईल! छोट्या जागी गुपचूप चाललेले काम तर या टनांच्या मापात सापडतच नाही. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी सारिन सोडले, डझनाहून अधिक माणसे मेली. ते सारिन त्यांनी स्वतः, अगदी थोडे, केलेले होते.

एखाद्या देशाचा दुसऱ्यावर खरोखरच संशय असेल, तर आणखी एक उपाय करारात लिहिला आहे. तो देश आव्हान देऊन दुसऱ्याच्या कोणत्याही जागेची तपासणी मागू शकतो, आणि ज्याच्याकडे ती मागितली त्याला नकार देता येत नाही. १९९७ पासून आजवर ही मागणी एकाही देशाने केलेली नाही.