मॅक्रो म्हणजे नक्की कोणता?

स्लायगोतल्या आपल्या घरांत हल्ली 'मॅक्रो' हा शब्द वारंवार ऐकू येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लांब किंवा मोठा.

आहारात मॅक्रो म्हणजे शरीराला जास्त प्रमाणात लागणारे घटक: कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. पहिल्या दोन्हींच्या १ ग्रॅममधून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तेला-तुपातून ९. इथल्या पाकिटांवर आकडे १०० ग्रॅमचे असतात; घरात कुणाला मधुमेह असेल तर ताटात किती ग्रॅम वाढले ते पाहूनच हिशेब करावा.

फोटोग्राफीत मॅक्रो लेन्स बारीक वस्तूची प्रतिमा सेन्सरवर १:१, म्हणजे वस्तूएवढीच पाडते. आयर्लंडमध्ये फक्त बेनबल्बेनच्या डोंगररांगेत उगवणाऱ्या फ्रिंज्ड सँडवर्टचे इवले पांढरे फूल टिपायला ती हवीच.

प्रोग्रॅमिंगमध्ये एका नावामागे दडलेल्या अनेक सूचना म्हणजे मॅक्रो. इथे मात्र सांभाळा! १९९९ साली मेलिसा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच जगभर पसरला. अनोळखी ईमेलमधली फाइल 'मॅक्रो चालू करा' म्हणाली, तर अजिबात करू नका. भारतातल्या आई-बाबांनाही फोनवर हे आवर्जून सांगा.

तेव्हा यापुढे कुणी 'मॅक्रो' म्हटले की आधी विचारायचे: ताटातला, कॅमेऱ्यातला की कॉम्प्युटरमधला?