उपास की आजार?

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आई दवाखान्यात येते. तक्रार एकच : ‘डॉक्टर, हिला फार अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा.’ चौकशी करता कळते, की सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय संकष्टी असे उपास मुलीने आपणहून धरले आहेत. साबुदाण्यालाही ती हात लावत नाही. घरच्यांना तिच्या श्रद्धेचे कौतुक! पाळी तीन महिने आलेली नाही, हे आई जाताजाता हळूच सांगते.

उपासाला माझा विरोध नाही. पण उपास करणारा उपास सोडण्याची वाट पाहतो. या मुलीला नेमकी त्याचीच धास्ती असते. हाडे दिसू लागली तरी आरशात ती स्वतःला जाडच दिसते. लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी १८७० च्या दशकात या विकाराला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. दुसरा प्रकार बुलिमियाचा. त्यात भरमसाट खाणे आणि मग अपराधी वाटून ते शरीराबाहेर टाकण्याची धडपड चालते. वजन पुष्कळदा नेहमीसारखेच राहते, त्यामुळे घरात शंका येत नाही. ब्रिटनच्या युवराज्ञी डायना यांनी १९९५ साली बीबीसीच्या मुलाखतीत आपल्याला बुलिमिया होता आणि आपण स्वतःच्या हातापायांना इजाही करत होतो, असे उघड सांगितले. राजवाड्यातले दुखणे शिरूर-दौंडला येणार नाही, असे समजू नये. पोलीस भरतीच्या तयारीतली मुलेही यातून सुटलेली नाहीत.

स्वतःला इजा करणे हे पुष्कळदा या विकारांच्या जोडीने येते. घरचे त्याला ‘नाटक’ म्हणतात, कोणी बाहेरची बाधा ठरवून अंगारा आणतो. अनेकदा मुलाचा हेतू मरण्याचा नसतो, असह्य ताण क्षणभर उतरवण्याचा असतो. तरीही पुढे आत्महत्येचा धोका वाढतो. म्हणून ‘मरावेसे वाटते का?’ असे शांतपणे, एकट्याला घेऊन विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. शेतीची औषधे मात्र त्याच दिवशी कुलपात ठेवावीत.

एक चूक जिवावर बेतू शकते. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला धाकाने एकदम शिरा, दूध-तूप भरवू नये, गावात सलाईनही लावू नये. अशा वेळी रक्तातील फॉस्फरस व पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. चक्कर, मंद नाडी, सारखी थंडी अशी लक्षणे असतील तर तिला रुग्णालयातच न्यावे. तेथे रक्त तपासून आहार बेताबेताने वाढवतात.

‘मनोविकारतज्ज्ञाकडे नेले तर लग्न कसे जमेल?’ या प्रश्नापायी काही घरे वर्ष वर्ष घालवतात. उपचार लवकर सुरू झाले तर बऱ्याच मुली पूर्ण बऱ्या होतात. आईवडिलांनी रोज ताटावर सोबत बसणे हा त्या उपचाराचाच भाग आहे. जेवताना वजनाचा विषय काढू नये. मानसोपचारासाठी पुण्यात ससून रुग्णालय आहे. तेथवर जाणे लगेच जमत नसेल तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतून, विनामूल्य बोलता येते. फोन मुलानेच केला पाहिजे असे नाही, आईवडीलही करू शकतात.