सीमेवरच्या माणसाचा प्रश्न कुणी विचारायचा?

सभागृह आणि आपण : भाग ९

एप्रिल २०२१ मध्ये नागपूरचा करोनाचा अहवाल रोज संध्याकाळी येई. त्यात मृत्यूंचे तीन रकाने असत : शहर, ग्रामीण आणि ‘जिल्ह्याबाहेरील’. मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याहून नागपूरला नेलेला आणि तिथेच गेलेला माणूस या तिसऱ्या रकान्यात पडे. आजार गंभीर झाला की आपल्याकडे नागपूरच गाठतात, त्यात नवे काही नाही. सौंसरहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर, भोपाळ त्याच्या कितीतरी पट दूर. १९५६ पर्यंत तर नागपूर हीच आपल्या राज्याची राजधानी होती. पण जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथेच होते. त्यामुळे घर मध्य प्रदेशात, रेशनकार्ड मध्य प्रदेशात आणि मृत्यूचा दाखला महाराष्ट्रातला, अशी कागदपत्रे घेऊन कितीतरी घरे पुढचे दिवस फिरली.

आता या माणसाबद्दल प्रश्न कुणी विचारायचा? भोपाळच्या विधानसभेत विचारला, तर खाट, प्राणवायू, रेमडेसिव्हिर हे सगळे नागपूरचे. मुंबईत विचारला, तर माणूस त्यांच्या राज्याचा नाही. उरते ती संसद. आणि संसदेने विचारणे ही मेहेरबानी नव्हती, ते तिचे कामच होते. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने राज्यसूचीत आहेत, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आणखी दोन नोंदी आहेत. आंतरराज्य स्थलांतर आणि आंतरराज्य विलगीकरण हा केंद्रसूचीतला ८१ वा विषय. संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे हा समवर्ती सूचीतला २९ वा. मार्च २०२१ मध्ये मध्य प्रदेशाने महाराष्ट्राशी बससेवा थांबवली, तो निर्णय राज्याचा होता. पण सीमा बंद करताना सीमेवरच्या गावांतल्या रुग्णांचे काय करायचे, याचे उत्तर मागण्याची पहिली जागा दिल्लीतले सभागृह होते.

ते सभागृह तेव्हा काय करत होते, हे तारखांनिशी पाहू. २३ मार्च २०२० ला लोकसभेने वित्त विधेयक चर्चेविना मंजूर केले आणि संसदेचे अधिवेशन आटोपले. दुसऱ्या दिवशी रात्री टाळेबंदीची घोषणा झाली, २५ पासून ती लागू झाली. म्हणजे वर्षाचा जमाखर्च मंजूर झाला आणि दोन दिवसांत तो जमाखर्च ज्या अर्थव्यवस्थेसाठी मांडला होता तीच थांबली. आपल्याकडे तेव्हा संत्र्याचा मृग बहार विक्रीला होता. बाजार बंद, वाहन मिळेना, नागपूरच्या कळमना बाजारापर्यंत माल जाईना. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीतली चाके थांबली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा पहिला अंदाज ऑगस्टअखेर आला. या सगळ्या काळात संसद बसली नाही. टाळेबंदी वाढली, शिथिल झाली, पुन्हा बदलली, ती आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालच्या आदेशांनी. २० लाख कोटींच्या पॅकेजची घोषणा मे महिन्यात झाली, त्यावर सभागृहात चर्चा सप्टेंबरपर्यंत होऊ शकली नाही.

पावसाळी अधिवेशन १४ सप्टेंबरला सुरू झाले. दोन्ही सभागृहे पाळीपाळीने बसली, खासदारांना अंतर ठेवून बसवले, हे सगळे गरजेचेच होते. पण त्याबरोबर प्रश्नोत्तराचा तास रद्द केला गेला. इथे थोडे थांबायला हवे. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. त्या अधिवेशनात लेखी उत्तरे मिळत राहिली, गेला तो पूरक प्रश्न. याचा तोटा पहिल्याच दिवशी दिसला. टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले, या प्रश्नाला कामगार मंत्रालयाने लेखी उत्तर दिले, की अशी माहिती ठेवलेली नाही. ‘का ठेवली नाही, आणि आजपासून ठेवणार का?’ हा पुढचा प्रश्न तिथल्या तिथे विचारायची सोय राहिली नव्हती. नागपूर-बैतूल मार्गाने पायी निघालेली माणसे आपण आपल्या दारातून जाताना पाहिली आहेत. त्यांच्यासाठी हा पूरक प्रश्न फार मोलाचा होता.

मनरेगाचे जादा ४०,००० कोटी धरून सुमारे २.३६ लाख कोटींच्या पुरवणी मागण्याही याच अधिवेशनात मंजूर झाल्या. १ ऑक्टोबरपर्यंत ठरलेले कामकाज २३ सप्टेंबरला संपले. हिवाळी अधिवेशन झालेच नाही. विधानसभांची स्थिती याहून बरी नव्हती. मध्य प्रदेशाने २१ सप्टेंबरला एका दिवसात अर्थसंकल्प उरकला. महाराष्ट्राचे पावसाळी अधिवेशन दोन दिवसांचे झाले. हिवाळी अधिवेशनही दोन दिवसांचे, आणि तेही नागपूरऐवजी मुंबईत.

जीव धोक्यात घालून सभा भरवायची का, असा सवाल तेव्हा केला जायचा. तो खोटा नव्हता. पण उपाय होते. न्यूझीलंडने २५ मार्च २०२० ला, म्हणजे आपल्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, साथीच्या कारभारावर नजर ठेवायला खास समिती नेमली. अध्यक्षपद विरोधी पक्षनेत्याकडे, बहुमत विरोधकांचे, बैठका पडद्यावर आणि जनतेला पाहता येतील अशा. ब्रिटनच्या संसदेने एप्रिलमध्येच काही सदस्य सभागृहात, काही पडद्यावर अशी सोय केली. आपल्याकडे संसदीय समित्यांना दूरस्थ बैठकीची परवानगी मिळाली नाही. गोपनीयतेचे नियम आड आले आणि समित्या जुलैत प्रत्यक्ष भेटू लागेपर्यंत वाट पाहावी लागली. बंद खोलीतल्या समितीचा नियम साथीपुरता बदलणे सभापतींच्या आणि अध्यक्षांच्या हातात होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ते व्हायला हवे होते.

तरीही समित्यांचे काम कमी लेखू नये, कारण या सगळ्या कहाणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथेच आहे. रामगोपाल यादव यांच्या अध्यक्षतेखालच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २१ नोव्हेंबर २०२० ला आपला १२३ वा अहवाल दिला. त्यात खासगी दवाखान्यांनी उकळलेल्या अवाच्या सव्वा बिलांची दखल होती. आरोग्यावरचा सरकारी खर्च सकल उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर २०२५ ची वाट न पाहता दोन वर्षांतच न्यावा, असे म्हटले होते. आणि प्राणवायूच्या सिलिंडरच्या किमतीवर मर्यादा घाला, तो सगळ्या दवाखान्यांत पुरेसा आणि परवडेल असा मिळेल हे पाहा, अशी शिफारस होती. नोव्हेंबरमध्ये. दुसरी लाट एप्रिलमध्ये तीव्र झाली. मधे पाच महिने होते.

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. मात्र तिच्यावर काय केले, हे मंत्रालयाने तीन महिन्यांत कळवायचे असते. त्या उत्तरावर समिती पुन्हा अहवाल देते. ही यंत्रणा संथ आहे, पण कागदावर सगळे राहते. त्या वर्षी या कागदांवर सभागृहात नीट चर्चा झाली असती, तर निदान दर आठवड्याला कुणीतरी विचारले असते, की जिल्हा रुग्णालयांत प्राणवायूचा साठा किती आणि सीमेवरच्या तालुक्यांचे रुग्ण कुठल्या राज्याच्या वाट्यात धरले आहेत.

त्यानंतर आला २० जुलै २०२१ चा दिवस. प्राणवायूअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल राज्यसभेत प्रश्न आला. महाराष्ट्रातल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार आणि आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या लेखी उत्तरात म्हटले होते, की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि प्राणवायूअभावी म्हणून मृत्यू झाल्याचे राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी स्वतंत्रपणे कळवलेले नाही. राज्यांनी कळवले नाही हे खरे. पण मुळात मृत्यू नोंदवताना तसा रकानाच नसेल, तर राज्य कळवणार काय? आणि ज्याचे घर एका राज्यात नि मृत्यू दुसऱ्यात, त्याच्याबद्दल कुठले राज्य कळवणार? सप्टेंबर २०२२ च्या अहवालात याच स्थायी समितीने मंत्रालयाच्या त्या भूमिकेवर नापसंती दाखवली आणि राज्यांच्या मदतीने अशा मृत्यूंची तपासणी करावी, असे सांगितले.

५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला, पण लोकसभेसाठी आपण अजून छिंदवाड्यातच आहोत, म्हणून हा प्रश्न तिथल्या खासदारांमार्फतच विचारायचा. अधिवेशनात अतारांकित प्रश्नाची नोटीस साधारण १५ दिवस आधी द्यावी लागते. आपल्या खासदारांकडे पत्र घेऊन जाणाऱ्या कुठल्याही ग्रामपंचायतीला, बागायतदारांच्या गटाला किंवा शिक्षकाला पुढचा मजकूर जसाच्या तसा वापरता येईल : ‘एका राज्याचे रहिवासी असून दुसऱ्या राज्यात करोनाने मरण पावलेल्या व्यक्तींची वेगळी नोंद केंद्राकडे आहे काय, असल्यास जिल्हावार आकडे काय, त्यांच्या वारसांना ५०,००० रुपयांची मदत कुठल्या राज्याने दिली, आणि सप्टेंबर २०२२ च्या अहवालात आरोग्यविषयक स्थायी समितीने सुचवलेली प्राणवायूविषयक तपासणी कधी झाली?’ उत्तर आले, की ते संसदेच्या संकेतस्थळावर कायम राहते. त्याची प्रत काढून ग्रामसभेत वाचून दाखवावी.

(पुढील आठवड्यात : खासदार निधीचे वर्षाला ५ कोटी दोन वर्षांसाठी गोठवण्याचे एप्रिल २०२० मध्ये ठरले, त्याचे तालुक्यांवर झालेले परिणाम)