ढाबा बंद होता ते सव्वीस दिवस

25 मार्च 2020च्या पहाटे माझ्या मामांचा ट्रक पुणे-बेंगळुरू महामार्गावर, चित्रदुर्गाच्या अलीकडे, एका पेट्रोल पंपाच्या आवारात उभा राहिला आणि पुढचे एकोणीस दिवस जागचा हलला नाही. त्या दिवशी पाडवा होता. चाकणहून भरलेली वॉशिंग मशीन बेंगळुरूच्या गोदामात उतरवायची, परतीचं भाडं धरायचं आणि रामनवमीपर्यंत पाथर्डीकडं घरी पोचायचं, असा बेत होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली तेव्हा मामा स्टिअरिंगवर होते. देश बंद होतोय हे त्यांना मध्यरात्रीनंतर एका नाक्यावर कळलं, तेही कानडीत. अर्थ लागेपर्यंत पुढच्या नाक्यावर बॅरिकेड लागलं होतं.

रोज संध्याकाळी मी फोन करायचे. "मामा, जेवला का?" एवढं विचारायला. पहिले चार दिवस उत्तर एकच : "चहा-बिस्किट झालंय गं. तू गाडीचं विचार. माल सोडून मी कुठं जाऊ?"

महासाथीत रस्त्यावर अडकलेल्यांबद्दल आपण पुष्कळ वाचलं. ते बहुतेक चालत निघालेल्या मजुरांबद्दल होतं आणि ते लिहिलं गेलंच पाहिजे होतं. पण ज्यांचं बिऱ्हाडच रस्त्यावर असतं, महिन्यातले वीस-बावीस दिवस जे केबिनमध्ये झोपतात, त्या ट्रकचालकांचं त्या दिवसांत नेमकं काय झालं, हे नीट समजून घ्यायचं तर सरकारी आदेशांच्या तारखा आणि ढाब्याची खाट, दोन्ही शेजारी ठेवून बघावं लागतं.

24 मार्चच्या केंद्रीय आदेशात वाहतूक बंद होती, सूट फक्त अत्यावश्यक वस्तूंना. दूध, भाजी, धान्य, औषधं चालतील. वॉशिंग मशीन अत्यावश्यक नव्हतं. म्हणजे मध्यरात्री जी गाडी जिथं असेल तिथं तिच्यातल्या मालावरून तिचं नशीब ठरलं. सिमेंट, सुटे भाग, कपड्यांच्या गाठी, नव्या कोऱ्या मोटारी घेऊन निघालेल्या लाखो गाड्या रस्त्याच्या कडेला लागल्या. 29 मार्चला गृह मंत्रालयानं राज्यांना कळवलं की मालात भेद करू नका, सगळ्या मालवाहतुकीला जाऊ द्या. दिल्लीचं पत्र नाक्यावरच्या शिपायापर्यंत पोचायला वेळ लागला. शिवाय गाडी सुटून तरी काय करणार? गोदाम बंद, हमाल गावी गेलेले. माल उतरणार कुठं?

ज्यांचा माल अत्यावश्यक होता, त्यांची गाडी चालू राहिली. पण 24 मार्चच्या त्याच आदेशानं हॉटेलं आणि खानपानाचा सगळा व्यवसाय बंद केला होता, आणि त्यात ढाबाही आला. पेट्रोल पंप उघडे होते. गाडीला डिझेल मिळत होतं, गाडी चालवणाऱ्याला भाकरी मिळत नव्हती.

ढाबा म्हणजे काय, हे मोटारीनं जाणाऱ्याला नीटसं कळत नाही. आपण तिथं दाल-रोटी खातो, बिल देतो आणि निघतो. चालकाला ढाबा म्हणजे घराचा उरलेला भाग. केबिनमध्ये सीटमागं एक फळी असते, तिच्यावर पाठ टेकता येते. बाकी संसार ढाब्यावर. तिथल्या हौदावर आंघोळ, तिथल्याच दोरीवर बनियन वाळत, काउंटरमागच्या बोर्डावर मोबाईल चार्जिंगला. पैसे संपले तर मालक वहीत लिहून ठेवतो, पुढच्या खेपेला द्यायचे. पुढं आरटीओ उभा आहे का, घाटात गाडी पलटी झाली आहे का, कुठल्या गावात भाडं निघतंय, ही सगळी खबर खाटेवर मिळते. दहा गाड्या एका ठिकाणी उभ्या असल्या की रात्री कुणी डिझेल चोरायला धजत नाही, म्हणून झोपही तिथंच नीट लागते. ढाब्याशेजारी पंक्चरवाला, त्याच्या पलीकडं पाटे आणि ब्रेक बघणारा मिस्त्री. एप्रिलच्या उन्हात दहा-बारा चाकांच्या गाडीचं एखादं टायर बसणं ही रोजची गोष्ट आहे. ही अख्खी वस्ती एका रात्रीत कुलूपबंद झाली आणि रस्ता मात्र कागदोपत्री चालू राहिला.

मामांच्या पंपावर अकरा गाड्या होत्या. पंपवाल्यानं नळ आणि संडास वापरू दिला, हे त्याचे उपकार मामा आजही बोलून दाखवतात. प्रश्न जेवणाचा होता. मामांच्या गाडीत स्टोव्ह नव्हता. तीस वर्षांत कधी लागलाच नव्हता. पण तमिळनाडूकडच्या दोन गाड्यांना बॉडीखाली लोखंडी पेटी होती. तिच्यात पंप मारायचा स्टोव्ह, ॲल्युमिनियमचं पातेलं, तांदूळ, तूरडाळ, मीठ-मिरची आणि बरणीत चिंचेचा काळा गोळा. त्यातल्या एका चालकाला मामा 'अण्णा' म्हणायचे, तो मामांना 'भैया'. भाषा दोघांचीही दुसऱ्याला येत नव्हती. पाचव्या दिवशी संध्याकाळी अण्णानं ताटली घासली, मामांसमोर धरली आणि हातानं खूण केली, बसा. पंपाच्या कंपाउंडपासून लांब, कडुलिंबाखाली अकरा गाड्यांची पंगत बसू लागली. रोज एकजण गावात जाऊन तांदूळ आणायचा. गावकरी वेशीबाहेरच थांबवायचे, पैसे दगडावर ठेवायला सांगायचे आणि पिशवी लांबून सरकवायचे. मामांना याचा राग आला नाही. "त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही भ्यालोच असतो," म्हणाले.

उभ्या गाडीचा खर्च थांबत नाही. मामांची गाडी फायनान्सची. रिझर्व्ह बँकेनं 27 मार्चला कर्जाचे हप्ते तीन महिने पुढं ढकलायला परवानगी दिली, पुढं ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. पण व्याज चढतच होतं. दुसरी काळजी ई-वे बिलाची. मालासोबतच्या या कागदाची मुदत तेव्हा दर शंभर किलोमीटरला एक दिवस अशी मोजत. चाकण ते बेंगळुरू म्हणजे नऊएक दिवस. एप्रिल उजाडताना मुदत संपली आणि नंतर पकडलं तर दंड कोण भरणार, या विचारानं त्यांनी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. 20 मार्च ते 15 एप्रिलदरम्यान संपणारी बिलं 30 एप्रिलपर्यंत चालतील, असा निर्णय आला तो 3 एप्रिलला. मी तो फोनवर वाचून दाखवला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, मग म्हणाले, "परत एकदा वाच."

12 एप्रिलला गृह मंत्रालयानं पुन्हा राज्यांना लिहिलं. चालकाकडं वैध परवाना असला की वेगळा पास मागू नका. रिकामी गाडीही जाऊ द्या. चालक आणि क्लीनरला घरून गाडीपर्यंत पोचू द्या. या तीन वाक्यांवरून आधीच्या अठरा-एकोणीस दिवसांत काय काय अडलं होतं ते कळतं. माल उतरवून रिकामी गाडी घेऊन परतणाऱ्याला अडवत होते, कारण गाडीत काहीच अत्यावश्यक नव्हतं. गाडी यार्डात आणि चालक घरी असेल, तर त्याला घराबाहेर पडता येत नव्हतं. 13 एप्रिलला चित्रदुर्गाजवळच्या त्या अकरा गाड्या हलल्या.

महामार्गावरचे ढाबे आणि ट्रकदुरुस्तीची दुकानं उघडायची परवानगी 15 एप्रिलच्या सूचनांमध्ये होती, अंमल 20 एप्रिलपासून. 25 मार्च ते 19 एप्रिल, सव्वीस दिवस. लॉकडाऊन लागताच थांबवलेली राष्ट्रीय महामार्गांवरची टोलवसुलीही त्याच 20 एप्रिलला पुन्हा सुरू झाली.

मला वाटतं, या सव्वीस दिवसांमागं कुणाचा दुष्टपणा नव्हता. आदेश लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माल होता. साखळी तुटू नये, शहरांना दूध-भाजी मिळावी, ही चिंता खरी होती आणि ती बऱ्याच अंशी निभावली गेली. स्टिअरिंगवरचा माणूस कुठं जेवेल, हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं, कारण एरवीही ते नसतं. तेव्हा मोटार परिवहन कामगार कायदा होता, 1961चा. दिवसाला आठ तास काम, विश्रांतीगृह, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. पण तो लागू व्हायचा पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला. आपल्याकडं एक-दोन गाड्यांचे मालक ढिगानं, त्यातले कितीतरी मामांसारखे स्वतःच चालक. त्यांच्या जेवणाझोपेची सोय देशानं कायम ढाब्यावर सोपवली होती. ढाबा बंद झाल्यावर मागं दुसरं काहीच नव्हतं.

जिथं काही होतं, ते माणसांनी उभं केलं. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ करंजीला पत्र्याच्या शेडमध्ये एक लंगर चालतो. गुरू गोविंदसिंग नांदेडकडं जाताना ज्या परिसरात मुक्कामाला होते असं मानतात, तिथला गुरुद्वारा आत जंगलात आहे. हे त्याचं रस्त्यावरचं अंग. 81 वर्षांचे बाबा कर्नेलसिंग खैरा तिथं बसून होते. त्या लांबच लांब टापूत दुसरीकडं घासभर अन्न मिळत नव्हतं, तेव्हा तिथली चूल पेटती राहिली. चालत निघालेले मजूर, ट्रकवाले, बसमधले प्रवासी, गावातली जनावरं, कुणालाच आडकाठी नव्हती. दहा आठवड्यांत वीस लाखांवर माणसं जेवल्याचा आकडा तेव्हा बातम्यांत आला होता. याच जिल्ह्यात मार्चअखेरीस पोलिसांना दोन कंटेनर ट्रकमध्ये कोंबलेले तीनशेवर मजूर सापडले होते, तेलंगणातून राजस्थानकडं निघालेले. दोन्ही गोष्टी एकाच महामार्गाच्या आसपासच्या. कंटेनरमध्ये माणसं भरणाऱ्यांचं मी समर्थन करणार नाही. पण मालाला रस्ता खुला आहे आणि माणसाला बंद, हे ज्यांना कळलं, त्यांनी माल होऊन जायचं ठरवलं.

मामा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावी पोचले. वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या, पोरं काठ्या घेऊन बसलेली. तीही ओळखीची, त्यातला एक तर चुलतभावाचा मुलगा. चौदा दिवस शाळेत राहा म्हणाले. शाळेत आधीच मुंबईहून आलेली सात माणसं होती. मामांनी गाडी आमच्या शेताच्या बांधाला लावली आणि केबिनमध्येच राहिले. मामी डबा बांधावरच्या दगडावर ठेवायच्या आणि दहा पावलं मागं जाऊन उभ्या राहायच्या. जेवण होईपर्यंत दोघं लांबूनच बोलायचे. शेवटी मामी म्हणायच्या, "दार लावून झोपा." डबा मात्र मामाच हौदावर घासून परत दगडावर ठेवायचे. घरापासून चारशे पावलांवर ते चौदा रात्री गाडीत झोपले.

माझ्या आजीनं तिच्या आजीकडून ऐकलेली प्लेगची हकिगत अशी होती की, उंदीर पडायला लागले की अख्खं गाव उठून रानात झोपड्या घालून राहायचं. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि दुसऱ्याच वर्षी साथरोगाचा कायदा झाला, तोच 2020मध्येही राज्यांच्या हाती होता. तेव्हाही रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून काखा-जांघा तपासत. साथ प्रवासातून पसरते हे खरंच आहे, त्यामुळे प्रवास करणाऱ्याकडं संशयानं बघणं दरवेळी होतं. एड्सच्या वर्षांतही ट्रकवाल्यांच्या वाट्याला हेच आलं होतं.

दुसऱ्या लाटेत हेच चालक अचानक सगळ्यांना हवे झाले. द्रवरूप ऑक्सिजन उणे 183 अंशाला ठेवावा लागतो. त्याचा टँकर कुणीही उचलून चालवत नाही. धोकादायक मालाचं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. एप्रिल 2021मध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले, त्याची बातमी सगळ्यांनी पाहिली. तरी खूपसा प्राणवायू रस्त्यानंच आला, रात्रंदिवस, एका खेपेवर दुसरी खेप. त्याच सुमारास, 12 मेच्या आदेशानं महाराष्ट्रात परराज्यातून येणाऱ्या मालगाडीत दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत आणि दोघांकडंही 48 तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल हवा असं ठरलं. अहवाल सात दिवस चालायचा. आठवड्यात दोनदा सीमा ओलांडणाऱ्यानं नाकात काडी किती वेळा घालून घ्यायची, आणि अहवाल येईपर्यंत गाडी कुठं लावायची?

लशीचंही तसंच. पोलीस, सफाई कामगार, महसूल कर्मचारी केंद्राच्या आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत होते, ट्रकचालक नव्हते. 1 मेपासून 18 ते 44 वयाला लस खुली झाली, पण सुरुवातीला ऑनलाइन नोंदणी केल्याशिवाय नाही. जिल्हा निवडा, केंद्र निवडा, वेळ निवडा. मामांच्या मुलासाठी, तोही आता गाडीवरच असतो, मी मोबाईल घेऊन बसले होते. "गुरुवारी कुठं असशील?" म्हणून विचारलं. "भाडं कुठलं निघतंय त्यावर आहे ताई," तो म्हणाला. मी पान बंद केलं.

गेल्या दिवाळीत गाडी अंगणात होती. मामांनी चाकामागच्या बाजूला बॉडीखाली नवी लोखंडी पेटी जोडून घेतली आहे, कुलपासकट. मी उघडून बघितली. स्टोव्ह, काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, तांदळाचा डबा, तूरडाळ, मीठ. कोपऱ्यात काचेची बरणी, तिच्यात चिंचेचा गोळा. मामी म्हणाल्या, घरची चिंच चालत नाही त्यांना, होसूरच्या बाजूनं आणतात.