गाडी तिघा भावांची, विमा मात्र एकाच नावाचा

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत ज्या घरांसमोर आज चारचाकी उभी दिसते, त्यांतल्या पुष्कळ घरांत ती एकट्याच्या पैशाने आलेली नाही. थोरला बोईसरच्या कारखान्यात, मधला नाशिकला नोकरीत आणि धाकटा गावी भात, नागली नि मोगरा सांभाळणारा. तिघांनी पैसे घातले, थोडे कर्ज काढले आणि जुनी-नवी गाडी घेतली. गाडी उभी असते खोडाळ्याच्या घरासमोर, आरसीवर पत्ता असतो बोईसरच्या भाड्याच्या खोलीचा, आणि किल्ली ज्याला गरज लागेल त्याच्या हातात. कधी मोगऱ्याचे गाठोडे पोचवायचे असते, कधी आजारी माणसाला जव्हारच्या कुटीर रुग्णालयात न्यायचे असते, तर कधी लग्नाला जायचे असते.

भावाभावांतला हिशेब चोख असतो. पण घाटात अपघात झाला की घरातला हिशेब कोणी विचारत नाही. विमा कंपनी कागद मागते आणि न्यायालयही कागदच पाहते. म्हणून सामायिक गाडीचे कागद नीट समजून घेतले पाहिजेत.

कायद्याला मालक एकच दिसतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ मध्ये सामायिक गाडीचा विचार केलेला आहे. गाडी अनेकांच्या मालकीची असेल तर सर्वांच्या वतीने त्यांतल्या एकाने नोंदणीसाठी अर्ज करायचा आणि कायद्याच्या दृष्टीने तोच मालक धरायचा. पैसे तिघांनी घातले असले तरी आरसीवर ज्याचे नाव, तो मालक. विमाही त्याच नावाने असायला हवा. 'मी गावी असतो, हप्ता मीच भरतो, मग पावती माझ्या नावाने करा' असे म्हणून धाकट्याच्या नावाने विमा उतरवला तर भरपाईच्या वेळी पहिला अडथळा तिथेच येतो.

हे नाव किती चिकटून बसते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात दिसते. गाडी विकली गेली होती, पुढे तिने आणखी हात बदलले होते, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावर ठेवली. गाडी माझ्याकडे नव्हतीच, हे उत्तर चालले नाही. थोरला बोईसरला असो की परगावी, गाडी त्याच्या नावावर असेल तर गावच्या वळणावर झालेल्या अपघाताची नोटीस त्याच्याच नावाने निघणार.

पत्ते वेगळे असले तर काय?

ब्रिटनसारख्या देशात घरातले कोण कोण गाडी चालवणार त्यांची नावे विमा कंपनीला सांगावी लागतात. आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडच्या खासगी मोटारीचा विमा गाडीच्या मागे चालतो. मालकाच्या परवानगीने कोणीही चालवावी, मात्र त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचे चालू लायसन हवे, अशी अट पॉलिसीत असते. चालवणारा भाऊ एका घरात राहतो की वेगळ्या गावी, याने विमा बाद होत नाही.

हप्त्याचेही तसेच. थर्ड पार्टीचा दर इंजिनाच्या ताकदीवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारीसाठी १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असे वार्षिक दर होते, कर वेगळा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता काढताना मुंबई, पुण्यासह आठ महानगरे एका गटात आणि बाकीचा देश दुसऱ्या गटात धरण्याची पद्धत आहे. त्यात गाडीचे पासिंग कुठले ते पाहतात. अर्जात गाडी कुठे उभी असते असे विचारले असेल तर खरे तेच लिहावे.

पत्त्याने घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी. थोरल्याने खोली बदलली आणि आरसीवर जुनाच पत्ता राहिला, तर न्यायाधिकरणाची नोटीस जुन्या दारावर जाते. विम्याची मुदत संपत आल्याचा निरोप आणि ई-चलन जुन्या मोबाईलवर जाते. गावी धाकटा निर्धास्त असतो, आणि विमा कधीच संपलेला असतो. मालकाचा पत्ता बदलला की तीस दिवसांत आरटीओला कळवावे, असे कलम ४९ सांगते. विमा कंपनीलाही त्याच वेळी कळवावे. विनाविम्याची गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय अपघात झाला तर सारी भरपाई घरातून, म्हणजे शेवटी जमिनीतून, द्यावी लागते.

चालवणाऱ्या भावाचे काय?

हा मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो. नुसता थर्ड पार्टी विमा हा समोरच्या माणसासाठी आहे. आपल्या गाडीची मोडतोड त्यात येत नाही. आत बसलेल्या घरच्या माणसांसाठीही त्याचा भरवसा धरता येत नाही. पूर्ण, म्हणजे पॅकेज विम्यात या दोन्ही गोष्टी येतात.

त्याशिवाय १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, ते 'मालक-चालका'साठी. मालक म्हणजे आरसीवरचा. धाकटा गाडी चालवत असताना त्याच्याच चुकीने गाडी दरीत गेली, तर हे १५ लाख त्याच्या बायको-मुलांना मिळत नाहीत. २००९ च्या निंगम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मालकाकडून मागून घेतलेले वाहन चालवणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो, त्यामुळे त्याच्या वारसांना त्या वाहनाच्या मालकाकडून कायद्याची भरपाई मागता येत नाही. म्हणजे जो सर्वांत जास्त गाडी चालवतो, तोच उघड्यावर राहतो.

उपाय महाग नाहीत. पॉलिसीत थोडा जादा हप्ता भरून गाडीतल्या इतरांसाठी आणि पगारी चालकासाठी अपघात संरक्षण घेता येते; त्यात चालवणारा भाऊ बसतो का, हे एजंटाकडून लेखी घ्यावे. शिवाय प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण आहे. १८ ते ७० वयाच्या, बँकेत खाते असलेल्या प्रत्येकाने ते घेतलेच पाहिजे. त्यातूनही सोपी वाट म्हणजे गाडी ज्याच्या हातात रोज असते, त्याच्याच नावावर ती ठेवणे.

भाड्याने सीट भरली तर

एस.टी. चुकली की रस्त्यावर माणसे हात करतात. शेजारधर्म म्हणून कोणाला बसवणे वेगळे आणि दर ठरवून सीट भरणे वेगळे. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालवाहतूक स्पष्ट वगळलेली असते. अपघातानंतर जखमी प्रवाशाने पोलिसांपुढे 'माणशी इतके दिले' असा जबाब दिला की कंपनीला मुद्दा मिळतो. अशा वेळी कंपनीने जखमींना आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेशही होतात. वसुली पुन्हा आरसीवरच्या नावाची. हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहतुकीचे वाहन चालवता येते, असा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने दिला. पण तो लायसनपुरता आहे. खासगी गाडीला त्याने भाड्याचा परवाना मिळत नाही.

मालक वारला तर

दुःखाच्या दिवसांत कागद आठवत नाहीत, आणि मुदत तेव्हाच चालू होते. ज्याच्या ताब्यात गाडी येते त्याने तीस दिवसांत आरटीओला मृत्यूची खबर आणि आपण गाडी वापरणार असल्याचे कळवायचे, आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. विमाही मृत्यूनंतर तीन महिने किंवा मूळ मुदत, यांत जे आधी संपेल तोवरच चालतो. दावा न केल्याची हप्त्यातली सूट, जी २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असते, ती एरवी नव्या मालकाला मिळत नाही. वारस पती-पत्नी, मुले किंवा आईवडील असतील तर मिळते. भाऊ त्या यादीत नाही. २०२१ पासून आरसीवर वारसाचे नाव नोंदवण्याची सोय झाली आहे, ती वापरावी.

भावाने भावाच्या नावावर गाडी केली, तर चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीही बदलून घ्यावी. थर्ड पार्टीचे संरक्षण कायद्याने गाडीबरोबर जाते, पण गाडीच्या नुकसानीचे आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितले आहे.

हे आज ठरवा

१) गाडी कोणाच्या नावावर, हे तिघांनी बसून ठरवावे. कोणी किती पैसे घातले ते साध्या कागदावर लिहून सह्या कराव्यात. विमा कंपनीला त्याचे देणेघेणे नसले तरी घरात वाद राहत नाही.

२) आरसी, पॉलिसी आणि मालकाचे आधार यांवरचे नाव-पत्ता जुळवून पाहावे.

३) विमा संपण्याची तारीख गावच्या घरात भिंतीवर लिहावी आणि तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवावी. संपल्यावर नव्वद दिवस उलटले की जमलेली सूटही जाते.

४) लायसन नसलेल्याच्या हाती किल्ली देऊ नये. अल्पवयीन मुलाने चालवली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

५) दावा नाकारला गेला तर नकार लेखी घ्यावा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे, तिथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे. तिथे फी लागत नाही.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनाही एक विनंती. मृत्यूचा दाखला देताना 'घरात त्याच्या नावाची गाडी आहे का?' एवढा एक प्रश्न विचारावा. तीस दिवसांची मुदत त्या कुटुंबाला तिथेच कळेल, आणि पुढचा मोठा फटका टळेल.