पेसमेकरची तार आणि हृदयाचा ऊर्जाखर्च

पेसमेकर हृदयाला ऊर्जा पुरवतो असा सर्वसाधारण समज असला, तरी प्रत्यक्षात तो पुरवतो ती केवळ सूचना. अडीच व्होल्टचा आणि सेकंदाचा अडीच हजारावा भाग टिकणारा त्याचा एक झटका सुमारे ५ मायक्रोज्यूल ऊर्जेचा असतो. त्या झटक्याने आकुंचन पावणारा डावा निलय, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा हृदयाचा खालचा डावा कप्पा, मात्र एका ठोक्यात साधारण १ ज्यूल काम करतो. दोहोंत सुमारे दोन लाख पटींचे अंतर आहे. तरीही तो झटका कोठे दिला जातो, यावर निलयाची किती ऊर्जा वाया जाईल हे बरेचसे ठरते.

निरोगी हृदयात विद्युत्‌-संदेश वरच्या कप्प्यांतून खाली येताना विल्हेम हिस यांनी १८९३ मध्ये वर्णिलेल्या तंतूंच्या जुडग्यातून जातो, पुढे उजव्या व डाव्या शाखांत विभागतो आणि पुर्किन्ये तंतूंच्या जाळ्यातून सेकंदाला २ ते ४ मीटर वेगाने पसरतो, त्यामुळे निलयाच्या सर्व भिंती जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात. पेसमेकरची तार मात्र अनेक दशके उजव्या निलयाच्या टोकाशी बसवली जात असे, कारण शिरेतून तेथे पोहोचणे सोपे असते आणि तारेचे टोक तेथील स्नायूंच्या जाळीत पक्के अडकते. सोय शल्यक्रियेची होती, हृदयाची नव्हे. तेथून निघालेल्या संदेशाला एका स्नायूपेशीतून दुसरीत असा, सेकंदाला एक मीटरहूनही कमी वेगाचा प्रवास करावा लागतो आणि डाव्या निलयाची दूरची भिंत सर्वांत उशिरा जागी होते.

खरी उधळपट्टी येथे होते. तारेजवळचा स्नायू आतील दाब कमी असतानाच आकसतो आणि त्याचा जोर रक्त बाहेर ढकलण्याऐवजी समोरची शिथिल भिंत ताणण्यात जातो. ती ताणलेली भिंत नंतर चढत्या दाबाविरुद्ध आकसते तेव्हा आधी आकसलेला भाग मागे ताणला जातो. फ्रिट्स प्रिन्झेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुत्र्यांवरील प्रयोगांत तारेजवळच्या स्नायूंचे आकुंचन घटलेले आणि दूरच्यांचे वाढलेले दिसले, आणि रक्तपुरवठाही त्याच रीतीने विषम झाला. दोन्ही भिंती ऑक्सिजन वापरतात, पण एकमेकींना ताणण्यात गेलेला भाग रक्ताभिसरणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून वापरलेल्या ऑक्सिजनच्या मानाने बाहेर पडणारे काम, अर्थात हृदयाची कार्यक्षमता, घटते.

याची उलट बाजू अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील डेव्हिड कास यांच्या गटाने २००० मध्ये दाखवली. ज्या रुग्णांचे हृदय अशक्त होते आणि डावी शाखा बंद पडलेली होती, त्यांच्या डाव्या निलयातून झटका दिल्यावर आकुंचनाचा जोर वाढला, पण ऑक्सिजनचा वापर उलट किंचित कमी झाला. तेवढाच जोर डोब्युटामिन या औषधाने आणला असता वापर वाढला. मात्र ज्याच्या शाखा शाबूत आहेत त्याला निलयात अनावश्यक झटके न देणेच उत्तम, आणि २००२ च्या ‘डेव्हिड’ या चाचणीत उजव्या निलयाचे ठोके वारंवार पेसमेकरने चालवलेल्या गटात मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अधिक आढळले. अर्थात उजव्या निलयातील तार अनेकांना वर्षानुवर्षे त्रासाविना सोसते.

तार थेट हिसच्या जुडग्यावर कायमची बसवण्याचा मार्ग प्रमोद देशमुख यांच्या गटाने २००० मध्ये दाखवून दिला. त्यात नैसर्गिक मार्गच वापरला जात असल्याने निलय एकसमयी आकुंचन पावतो. पण त्या जागी बरेचदा अधिक व्होल्टचा झटका लागतो, म्हणजे हृदयाची ऊर्जा वाचवताना बॅटरी लवकर संपते. चीनमधील हुआंग वेइजियान यांच्या गटाने २०१७ मध्ये तार दोन निलयांमधील पडद्यात खोल रोवून डाव्या शाखेपर्यंत नेली, तेव्हा कमी व्होल्टमध्ये काम भागू लागले. ही पद्धत आता झपाट्याने रूढ होत असली, तरी पडद्यात इतकी खोल रुतलेली तार वीस वर्षांनी काढावी लागल्यास काय होईल, याचा अनुभव अजून कोणाच्याच गाठीशी नाही.